जुना पॉकेट नाइफ कुणाचा आणि कधीचा, हे कसं ओळखायचं

जुना पॉकेट नाइफ हातात पडला की नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "हा किती सालचा?" प्रश्न रास्त आहे, पण बहुतेक चाकूंच्या बाबतीत त्याचं उत्तर एका सालात मिळत नाही. मिळतो तो कालखंड: अमुक सालाच्या आधीचा नक्की नाही, तमुक सालानंतरचा बहुधा नाही. ही दोन टोकं जितकी जवळ आणता येतील तितकी आणायची, एवढंच आपलं काम.

त्यासाठी एकच नियम पक्का लक्षात ठेवा. चाकूचा जो भाग सगळ्यात अलीकडचा, त्याच्याहून आख्खा चाकू जुना असू शकत नाही. पात्यावर एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्याचं नाव आहे, पण मूठ डेलरिन या प्लॅस्टिकची आहे असं समजा. डेलरिन बाजारात आलं १९६० मध्ये. मग एक तर मूठ बदललेली आहे, नाही तर कारखान्याने जुना शिक्का पुढेही वापरला, नाही तर कुणीतरी बनवाबनवी केली आहे. नाव वाचून थांबणारा माणूस इथेच फसतो.

हत्यारं आणि आधीची काळजी

दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी टॉर्च, मिलिमीटरची पट्टी, लहान लोहचुंबक, कानात घालायच्या कापसाच्या काड्या आणि मशीनचं हलकं मिनरल ऑइल. यापलीकडे सुरुवातीला काही लागत नाही.

चाकू उघडत नसेल तर पक्कड लावू नका. सांध्यात तेलाचा थेंब सोडा, रात्रभर ठेवा, मग हलक्या हाताने पाहा. जुन्या स्प्रिंगा कडकन तुटतात आणि तुटल्या की मूळ स्प्रिंग परत मिळत नाही. एकापेक्षा जास्त पाती असतील तर एका वेळी एकच उघडा आणि मिटताना बोटं पात्याच्या वाटेत येऊ देऊ नका. जुन्या स्प्रिंगची ओढ अंदाजापेक्षा जास्त निघते.

आणि चमकवायचं नाही. पॉलिश, सँडपेपर, तारेचा ब्रश यांतलं काहीही नको. कार्बन स्टीलच्या पात्यावर वर्षानुवर्षांच्या वापराने निळसर करडा थर चढतो. तो गंज नाही, तो चाकूच्या वयाचा पुरावा आहे. लाल, भुसभुशीत गंज मात्र वाढत जातो. तेवढा तेल लावून लाकडी टूथपिकने खरवडून काढा. धार लावायचा मोहही आवरा, कारण संग्राहक पात्याची मूळ रुंदी बघूनच किंमत करतो.

पात्याच्या बुडाशी काय ठोकलंय

पातं जिथे मुठीत शिरतं त्या धार नसलेल्या सपाट भागाला टँग म्हणतात. कारखान्याचा शिक्का बहुतेक वेळा तिथेच असतो. सगळी पाती उघडून दोन्ही बाजू बघा. मुख्य पात्यावर कंपनीचं नाव, मागच्या बाजूला मॉडेलचा आकडा आणि लहान पात्यावर देशाचं नाव, अशी विभागणी बरेचदा सापडते.

शिक्का पुसट असेल तर समोरून उजेड टाकून काही दिसणार नाही. खोली अंधारी करा, टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर धरा आणि हळूहळू फिरवा. तिरप्या उजेडात अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि कोऱ्या वाटणाऱ्या टँगवरही दोन-तीन अक्षरं उमटतात. त्याच उजेडात वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढून ठेवा. एका फोटोत न दिसलेलं अक्षर दुसऱ्यात सापडतं.

जे दिसेल ते जसंच्या तसं उतरवून घ्या: ओळी किती, अक्षरं सरळ रेषेत की कमानीत, पूर्णविराम आहेत का, 'कंपनी' पूर्ण लिहिलंय की संक्षेपाने. कारखाने वर्षानुवर्षं एकच नाव वापरायचे आणि बदलायचे ते नेमके हे बारकावे. त्यामुळे "सापडलं, अमक्या कंपनीचा आहे" एवढ्यावर काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं.

अजून एक गोम आहे. टँगवरचं नाव बनवणाऱ्याचंच असेल असं नाही. मोठे हार्डवेअर व्यापारी कारखान्यांकडून चाकू करून घेऊन स्वतःचं नाव ठोकत. सेंट लुइसच्या सिमन्स हार्डवेअरचा 'कीन कटर' हा त्यातला प्रसिद्ध छाप. अशा वेळी दोन शोध घ्यावे लागतात, विकणाऱ्याचा आणि करणाऱ्याचा, आणि दुसरा कधी कधी लागतच नाही.

देशाचं नाव

अमेरिकेचा १८९० चा मॅकिन्ली टॅरिफ कायदा संग्राहकाच्या फार कामाचा आहे. त्या कायद्याने १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या परदेशी मालावर मूळ देशाचं नाव असणं सक्तीचं झालं. म्हणून शेफील्डच्या चाकूवर 'इंग्लंड' किंवा झोलिंगेनच्या चाकूवर 'जर्मनी' दिसलं की तो बहुधा त्यानंतरचा. उलटा तर्क मात्र लावू नका. देशाचं नाव नाही म्हणजे तो १८९१ च्या आधीचा, असं होत नाही. घरच्या बाजारपेठेसाठी केलेल्या मालावर देश लिहायची गरजच नव्हती. विकणारे हा उलटा तर्क हमखास लावतात आणि किंमतही त्याच हिशेबाने सांगतात.

'वेस्ट जर्मनी' असेल तर काम सोपं: १९४९ ते १९९०. 'ऑक्युपाइड जपान' म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची १९५२ पर्यंतची काही वर्षं. चेकोस्लोव्हाकियाचं नाव १९१८ च्या आधी आणि १९९२ नंतर येऊ शकत नाही. राज्यं मोडतात, नकाशे बदलतात आणि त्याचा फायदा आपल्याला होतो.

ज्या खुणा थेट बोलतात

काही कारखान्यांनी तारखेची सोय स्वतःच करून ठेवली आहे. नवख्याने सुरुवात अशाच चाकूंपासून करावी असं माझं स्पष्ट मत आहे. हात बसतो आणि पैसे वाया जात नाहीत.

अमेरिकेतल्या ब्रॅडफर्डची केस ही कंपनी यात सगळ्यात सोपी. 'केस टेस्टेड डबल एक्स' हा शिक्का साधारण १९२० ते १९४० चा. नुसता 'केस डबल एक्स' १९४० ते १९६४. त्याखाली 'यूएसए' आलं की १९६५ ते १९६९. १९७० मध्ये त्यांनी शिक्क्याखाली दहा ठिपके ठोकले आणि दर वर्षी एक ठिपका कमी करत नेला. सात ठिपके मोजलेत तर १९७३. एकच ठिपका म्हणजे १९७९. १९८० ला पुन्हा दहा ठिपके आले, पण त्या वेळी नावातल्या एस या अक्षराला विजेसारखं टोकदार वळण दिलं. म्हणजे नुसते ठिपके मोजून भागत नाही, अक्षराचं वळणही बघावं लागतं. ठिपके भिंगातूनच मोजा, कारण झिजलेल्या टँगवर कडेचा ठिपका आधी नाहीसा होतो आणि चाकूचं वय एका वर्षाने चुकतं.

केसचा मॉडेल आकडाही वाचता येतो. ६२५४ घ्या. पहिला ६ म्हणजे हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती, ५४ हा ट्रॅपर नावाचा नमुना. पहिला आकडा ५ असेल तर मूठ शिंगाची, ३ असेल तर पिवळ्या कृत्रिम मालाची. टँगवर ५ आणि मूठ हाडाची असा चाकू समोर आला तर त्याची मूठ किंवा पातं यांतलं काहीतरी दुसरीकडून आलेलं आहे. सहाच्या आकड्याखाली पुढे हाडासारखं दिसणारं डेलरिनही येऊ लागलं, एवढा अपवाद ध्यानात असू द्या.

शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचं चिन्ह म्हणजे तारा आणि माल्टीज क्रॉस. ते १७६४ पासूनचं आहे, त्यामुळे त्या चिन्हावरून काळ कळत नाही. कळतो तो राजमुकुटाच्या दोन्ही बाजूंच्या अक्षरांवरून. व्ही आणि आर असेल तर व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द, १८३७ ते १९०१. ई आणि आर असेल तर सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. जी आणि आर दिसलं की घाई नको, कारण चौथ्या जॉर्जची कारकीर्द १८२० ते १८३० आणि पाचव्या जॉर्जची १९१० पासून. जोडीला 'इंग्लंड' हा शब्द किंवा न गंजणारं पोलाद असेल तर विसावं शतक धरा. रॉजर्सच्या नावाच्या जवळ जाणारी नावं ठोकून नकलाही भरपूर निघाल्या, म्हणून स्पेलिंग अक्षरागणिक तपासा.

स्विस चाकूंमध्ये लष्करी चाकू जास्त मदत करतात. १८९० च्या मॉडेलला गडद लाकडी मूठ होती, १९०८ च्या मॉडेलला लाल फायबरची आली आणि १९६१ च्या मॉडेलला खरबरीत ॲल्युमिनियमची. या शेवटच्या मॉडेलच्या टँगवर सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. नागरी चाकूंवरचं नाव बघा. कार्ल एल्सनर यांनी १९०९ मध्ये आईच्या नावावरून 'व्हिक्टोरिया' हे नाव घेतलं आणि स्टेनलेसचा 'इनॉक्स' जोडून १९२१ ला ते 'व्हिक्टोरिनॉक्स' झालं. म्हणजे 'व्हिक्टोरिनॉक्स' हे नाव असलेला चाकू पहिल्या महायुद्धातला म्हणून कुणी देत असेल तर नम्रपणे परत करा.

फ्रान्सच्या ओपिनेलला पातं अडकवणारी फिरती कडी १९५५ मध्ये आली. कडी असेल तर चाकू त्यानंतरचा. पण कडी नाही म्हणून जुना ठरवायच्या आधी आकार पाहा, कारण पाच नंबरपर्यंतच्या लहान ओपिनेलला कडी आजही नसते.

या सगळ्यांत अचूक साल देणारा प्रकार वेगळाच आहे: चांदीच्या पात्याचे, शिंपल्याच्या मुठीचे फळं कापायचे इंग्रजी चाकू. चांदीच्या मालाला तपासणी कार्यालयाचा हॉलमार्क घ्यावा लागे आणि त्यात त्या वर्षाचं ठरलेलं अक्षर असे. शेफील्डचा मुकुट, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, चांदीची शुद्धता सांगणारा चालता सिंह आणि वर्षाचं अक्षर, एवढं पात्यावर लहान लहान शिक्क्यांत दिसतं. अक्षराचं वळण आणि त्याभोवतीच्या चौकटीचा आकार छापील तक्त्याशी ताडून पाहिला की साल हातात. राजाचं किंवा राणीचं मुंडकं असलेला करभरणीचा शिक्काही सोबत असेल तर चांदीवर ठसा १८९० च्या आधी पडलेला आहे. हे चाकू नाजूक असतात आणि धारेच्या शौकिनांना आवडत नाहीत, पण वाचायला शिकण्यासाठी यांच्याइतकं चांगलं काही नाही.

मूठ कशाची आहे

हाड असेल तर भिंगातून बारीक काळपट ठिपके आणि रेघा दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. सांबराचं शिंग बाहेरून झाडाच्या सालीसारखं खडबडीत असतं, दोन मुठी कधीच सारख्या नसतात आणि कापलेल्या कडेला आतला सच्छिद्र भाग डोकावतो. डेलरिनमध्ये हे काहीच सापडत नाही. पृष्ठभागावरच्या खाचा साच्यातून आलेल्या, त्यामुळे त्याच मॉडेलचे दोन चाकू शेजारी ठेवले तर खाचन् खाच जुळते. हाडावरच्या खाचा यंत्राने किंवा हाताने एकेक पाडलेल्या, त्या इतक्या जुळत नाहीत. खरा शिंपला हाताला थंड लागतो आणि तिरपा केला की रंग खोलवरून बदलतो. नकली शिंपल्याचा रंग वरच्या वरच राहतो.

सेल्युलॉइड १८७० च्या दशकात आलं आणि त्याने शिंपला, कासवाचं कवच, हस्तिदंत, सगळ्यांची सोंगं घेतली. मुठीवर अंगठा जोरात घासून गरम करा आणि वास घ्या. कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड. जुन्या सल्ल्यांमध्ये तापवलेली सुई टोचायला सांगतात, ते मुळीच करू नका. सेल्युलॉइड भुरकन पेट घेतं.

हस्तिदंत ओळखता येणं चांगलं, पण विकत घेण्याआधी आपल्याकडचा कायदा बघा. 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारामुळे त्याच्या व्यापारावर बहुतेक देशांत कडक बंधनं आहेत आणि 'जुनं आहे हो' हे उत्तर सगळीकडे चालत नाही.

पोलाद आणि आतला सांगाडा

न गंजणारं पोलाद हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफील्डला १९१३ मध्ये तयार केलं. म्हणून पातं मूळचं स्टेनलेस असेल तर चाकू त्याआधीचा नाही, आणि प्रत्यक्षात बहुतेक १९२० नंतरचाच निघतो. पातं स्टेनलेस आहे का हे चुंबक लावून ठरवू नका. चाकूंना वापरतात ते स्टेनलेससुद्धा चुंबकाला चिकटतं.

चुंबक लावायचा तो मुठीच्या टोकांना बसवलेल्या धातूच्या टोप्यांना, म्हणजे बोल्स्टरला, आणि मुठीखालच्या पातळ पट्ट्यांना, म्हणजे लायनरला. चिकटला तर लोखंड किंवा पोलाद. नाही चिकटला तर पिवळी पट्टी पितळेची आणि पांढरी बहुधा जर्मन सिल्व्हरची. दुसऱ्या महायुद्धात पितळ दारूगोळ्याकडे वळल्यामुळे एरवी पितळ वापरणाऱ्या कारखान्यांच्या चाकूंतही पोलादी लायनर दिसतात. नेहमी पितळी लायनर येणाऱ्या मॉडेलमध्ये चुंबक खटकन चिकटला तर १९४० च्या दशकाची शक्यता मनात धरा, पण एकट्या त्या पुराव्यावर साल लिहू नका.

पेटंटचा आकडा असेल तर तो शोधून काढा. पेटंटची तारीख म्हणजे खालची मर्यादा, चाकूचा जन्मदिवस नव्हे. तेच पेटंट ठोकलेला माल पुढे वीस-वीस वर्षं निघालेला असतो. ब्रिटिश मालावर हिऱ्याच्या आकाराचं नोंदणीचिन्ह दिसलं तर डिझाइनची नोंद १८४२ ते १८८३ मधली. १८८४ पासून त्याऐवजी आर डी आणि नंबर आला.

झिजलेला, जोडलेला, बनावट

इथे वेळ घाला. पैसे जातात ते इथेच.

चाकू मिटून पाहा. धार लावून लावून पातं अरुंद झालं असेल तर मिटल्यावर ते लायनरच्या आत खोल बुडतं आणि उघडल्यावर नखाची खाच, म्हणजे नख अडकवून पातं उघडायची खाच, धारेच्या फार जवळ आलेली दिसते. टोक बाहेर डोकावत असेल तर बहुधा टोक मोडल्यावर नवीन काढलं आहे. पातं आतल्या स्प्रिंगवर आपटत असेल तर धारेत एकाच जागी चेप पडलेली सापडते. उघडताना आणि मिटताना 'टक्' असा ठाम आवाज हवा आणि पातं डावी-उजवीकडे हलायला नको.

पातं बदललंय का, हे रिव्हेटवरून कळतं. बाकीच्या रिव्हेट काळवंडलेल्या आणि सांध्याची तेवढी चकचकीत, भोवती हातोडीचे वण, तर चाकू कधीतरी उघडला गेला आहे. दोन पात्यांवरचे नखाच्या खाचांचे आकार, पॉलिशची दिशा आणि करडेपणा जुळतो का तेही पाहा.

आणि शिक्का. अस्सल शिक्का पातं कडक करण्याआधी, पोलाद मऊ असताना ठोकलेला असतो, आणि घासणं-पॉलिश त्यानंतर होतं. म्हणून अक्षरांच्या कडा सपाट असतात आणि टँगच्या बाकीच्या भागाइतक्याच झिजलेल्या असतात. भिंगातून अक्षराभोवती धातू वर उचललेला दिसला, किंवा अक्षरं कोरी करकरीत पण शेजारचं पोलाद खड्ड्याखड्ड्यांचं असलं, तर शिक्का नंतर मारलेला समजा. आम्लाने किंवा विजेने कोरलेल्या अक्षराचा तळ उथळ आणि करडा, खरखरीत असतो. जुना शिक्का घासून नवा मारला असेल तर ते टँग शेजारच्या पात्याच्या टँगपेक्षा पातळ भरतं किंवा मधोमध दबलेलं वाटतं. बोटाच्या टोकाने चाचपलं तरी लक्षात येतं.

फसवणूक नसलेल्या नकलाही असतात. रेमिंग्टन या अमेरिकन बंदुकांच्या कंपनीने चाकू केले ते १९२० ते १९४० च्या सुमारास. मुठीवर गोळीच्या आकाराचं पदक असलेले त्यांचे 'बुलेट' चाकू फार मागणीचे. १९८२ पासून त्याच नावाने त्यांच्या पुनर्निर्मित आवृत्त्या आल्या. त्या उघडपणे नव्या म्हणूनच विकल्या गेल्या, पण दोन-तीन हात बदलले की खोका हरवतो आणि चाकूचं वय साठ वर्षांनी वाढतं.

नोंद आणि ठेवण

प्रत्येक चाकूची नोंद त्याच दिवशी करा. लांबी मोजायची ती मिटलेल्या चाकूची, संग्राहकांची रीत तीच. नोंद साधारण अशी असावी: "मिटलेली लांबी १०५ मिमी. दोन पाती, कार्बन स्टील. मुख्य टँगवर केस डबल एक्स यूएसए, खाली सात ठिपके. मागे ६२५४. हाडाची मूठ, भिंगातून छिद्रं दिसतात. पितळी लायनर. रिव्हेट सारख्या काळवंडलेल्या. दुसरं पातं किंचित घासलेलं. निष्कर्ष: १९७३. आधार: ठिपके, मूठ आणि आकडा जुळतात." निष्कर्षापुढे आधार लिहायची सवय लावा. पुढे नवी माहिती मिळाली की काय बदलायचं ते लगेच समजतं.

ठेवताना पात्यांना तेलाचा पातळ हात द्या. चामड्याच्या म्यानात किंवा पाकिटात ठेवू नका, चामडं कमावताना वापरलेली रसायनं आणि त्यात धरलेला ओलावा पोलाद खातात. सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू बाकीच्यांपासून वेगळे, हवा खेळेल असे ठेवा. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लाच्या वाफा निघतात आणि त्या स्वतःच्याच नव्हे, शेजारच्या चाकूंच्या पात्यांवरही गंज चढवतात. पेटी उघडल्यावर झोंबरा वास आला, मुठीवर बारीक भेगा किंवा घामासारखे थेंब दिसले, किंवा मुठीजवळच्या पात्यावर अचानक हिरवट-तांबडा थर आला, तर तो चाकू त्याच दिवशी बाहेर काढा आणि आजूबाजूचे सगळे पुसून पुन्हा तेल लावा.